सातबारा घेऊन लुब्लिनला: एमबीबीएस करताना परदेशी एक्स्चेंजला कसं जायचं

पेरण्या उरकल्या की मला धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मेडिकलच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, शिकत असताना महिनाभर परदेशातल्या हॉस्पिटलात जाता येतं म्हणतात, ते आपल्याकडच्या पोरांना जमतं का?"

जमतं. मी पारोळा तालुक्यातली. नानांची, म्हणजे वडिलांची, सहा एकर जमीन, त्यात कापूस आणि रब्बीला थोडी दादर ज्वारी. घरात माझ्याआधी कोणाकडे पासपोर्ट नव्हता. 2017च्या जुलैत मी पोलंडमधल्या लुब्लिन शहरात चार आठवडे मेडिसिनच्या वॉर्डात काढले. आज सातपुड्यात, धडगाव तालुक्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. फोनवर दर वेळी तेच सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

ही सावड आहे, हे आधी समजून घ्या

निंदणीच्या दिवसांत आपल्याकडे बाया सावड करतात. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. पैसा फिरत नाही, माणसं फिरतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी एक्स्चेंज अशीच चालते. 'इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन्स' ही संघटना 1951मध्ये कोपनहेगनला स्थापन झाली. तिचं लघुरूप आयएफएमएसए. विद्यार्थ्यांनीच चालवलेली संघटना आहे. भारतातून 'मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया' तिची सदस्य आहे. एक्स्चेंज दोन प्रकारची: एक वॉर्डातली, म्हणजे क्लिनिकल, आणि दुसरी संशोधनाची. दोन्ही साधारण चार आठवड्यांच्या.

दोन देशांत बहुतेक एकास एक असा करार असतो. आपल्या एका विद्यार्थ्याबदल्यात त्यांचा एक विद्यार्थी. तुम्ही आपल्या संघटनेला फी भरता. तिकडची मुलं तुमच्या राहण्याची आणि निदान एका वेळच्या जेवणाची सोय करतात, तसंच इकडे येणाऱ्याचं आपण पाहतो. विमान, व्हिसा, विमा हा खर्च तुमचा. माझा 2017मध्ये सगळा मिळून सव्वा लाखाच्या आत झाला, त्यातले 44 हजार विमानाचे. एखाद्या खासगी मध्यस्थामार्फत हेच करायला गेलात तर आकडा कितीतरी वर जातो.

तुमच्या कॉलेजात या संघटनेची स्थानिक समिती आहे का, हे आधी विचारा. नसेल तर राष्ट्रीय संघटनेला लिहून समिती कशी सुरू करायची ते समजून घ्या. आमच्याकडे नव्हती. आम्ही चार मुलींनी मिळून सुरू केली. त्यात एक वर्ष गेलं, पण नंतरच्या बॅचना वाट मोकळी झाली.

दुसरे रस्तेही आहेत. अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांच्या इलेक्टिव्हचे, म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयातल्या छोट्या प्रशिक्षणाचे, अर्ज 'व्हिजिटिंग स्टुडंट लर्निंग ऑपॉर्च्युनिटीज' या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातात. त्यासाठी आपलं कॉलेज त्या जाळ्यात असावं लागतं, म्हणून आधी डीन ऑफिसात चौकशी करा. काही कॉलेजं थेट अर्जही घेतात. तिथली इलेक्टिव्ह विद्यार्थी असतानाच करायची असते. पदवी हातात पडली की उरते ती ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे रुग्णाला हात न लावता बघणं. ब्रिटनमध्ये प्रत्येक मेडिकल स्कूल आपापली इलेक्टिव्ह चालवतं. व्हिजिटर व्हिसावर ती करता येते, पण बिनपगारी आणि रुग्णावर उपचार न करता. इरॅस्मस प्लस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून जायचं तर दोन विद्यापीठांत आधी करार लागतो. एकटा विद्यार्थी तो करू शकत नाही. तुमच्या विद्यापीठाचा तसा करार आहे का, एवढं तरी विचारून ठेवा.

मला विचाराल तर खान्देशातल्या मुलाने पहिला दरवाजा आयएफएमएसएचा ठोठवावा. तिथे श्रीमंतीपेक्षा तुम्ही समितीत किती काम केलंत हे बघतात.

एक वर्ष आधी

देशादेशांतले करार साधारण ऑगस्टमधल्या आंतरराष्ट्रीय सभेत ठरतात आणि मग इकडे निवड सुरू होते. पुढच्या उन्हाळ्यात जायचं तर आदल्या पावसाळ्यातच कामाला लागा.

पहिलं काम पासपोर्ट. जळगावला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये. फीपेक्षा नावाकडे जास्त लक्ष द्या. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. माझ्या एका मैत्रिणीच्या कॉलेजच्या पत्रावर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, आणि विमान तिकिटावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. व्हिसाच्या खिडकीवर तिला सगळे कागद परत दिले. पासपोर्टवर जसं नाव असेल तसंच, अक्षरन् अक्षर, पुढच्या प्रत्येक कागदावर घ्या. वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' कमीजास्त असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

दुसरं काम लसी. इथे पोरं हमखास अडकतात, कारण लस पैशाने लवकर होत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करायची. ती 10 मिली इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटरच्या वर हवी. म्हणजे सात-आठ महिने गेले. आपल्यातल्या अनेकांचे डोस पहिल्या वर्षाला कॉलेजात होतात, पण कार्ड हरवलेलं असतं. तपासणी केली की प्रश्न मिटतो. गोवर आणि कांजण्यांचा पुरावा बरीच हॉस्पिटलं मागतात. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या असं आई सांगते, त्याचा कागद मात्र कुठेच नसतो. रक्तातली आयजीजी, म्हणजे अँटीबॉडीची, तपासणी करून रिपोर्ट जोडा.

क्षयरोगाची तपासणी वेगळी समजून घ्या. आपल्याला बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे मान्टू, म्हणजे कातडीवरची क्षयरोगाची तपासणी, पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मूल घाबरून जातं. शक्य असेल तर आयग्रा ही रक्ताची तपासणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढून आपल्याच छातीरोग विभागात दाखवा. लपवू नका. ते तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही गरजेचं आहे.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशात जाणार असाल तर त्याची लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परत येताना भारतातच विलगीकरणात ठेवतात.

तिसरं काम हजेरीचा हिशेब. परीक्षेला बसायला थिअरीत 75 टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के हजेरी लागते. चार आठवडे वजा करून ती भरते का, हे कागदावर मांडा. नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागानंतर इलेक्टिव्ह आहेत, त्या कालावधीत बसवता येतं का ते विभागप्रमुखांना विचारा. मी अंतिम वर्षात गेले होते. परत आल्यावर बुडालेलं पोस्टिंग रविवार धरून भरून काढलं. परवानगी तोंडी घेऊ नका. डीनच्या सहीचं, जावक क्रमांक आणि तारीख असलेलं ना-हरकत पत्र हातात ठेवा. इंटर्नशिपमध्ये जायचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की वर्षभरात रजा पंधराच दिवस असते आणि परदेशातला महिना त्या बारा महिन्यांत आपोआप धरला जात नाही.

अर्जातलं पत्र

अर्जासोबत 'मला का जायचं आहे' हे सांगणारं पत्र द्यावं लागतं, आणि आपली मुलं तिथेच सगळ्यात कमी पडतात. "मला जागतिक दर्जाची वैद्यकीय सेवा पाहायची आहे," असं हजारो जण लिहितात. ते वाचून समोरच्याला तुमच्याबद्दल काही कळत नाही.

माझा पहिला मसुदा तसाच होता. आमच्या मेडिसिनच्या सरांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "गेल्या महिन्यात तू वॉर्डात काय पाहिलंस?" मी सांगितलं: अक्राणीहून आलेली सतरा वर्षांची पावरा आदिवासी मुलगी, सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या क्रायसिसमध्ये, हातपाय इतके दुखत होते की चादर अंगाला लागली तरी ओरडायची. शेतात फवारणी करताना विषबाधा झालेले दोघे भाऊ. मे महिन्यात उष्माघाताने आलेला भुसावळचा हमाल. सर म्हणाले, "हेच लिही."

मी सिकलसेलबद्दल लिहिलं. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार का दिसतो, वाहक व्यक्तीला फाल्सिपेरम मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळत असल्याने हे जनुक मलेरियाच्या पट्ट्यांत कसं टिकून राहिलं, आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता कशी असते, आणि आमच्या वॉर्डात सलाइन, वेदनाशामक आणि ऑक्सिजनवर आम्ही काय करू शकत होतो. शेवटी एकच प्रश्न लिहिला: जुनाट वेदना असलेल्या रुग्णाला तुम्ही घरी पाठवताना काय सांगता, हे मला शिकायचं आहे. माझी निवड त्या पत्रामुळे झाली असं मला तिकडच्या विद्यार्थिनीने भेटल्यावर सांगितलं.

तुमच्या भागात काय आहे ते बघा. रावेर-यावलचा केळीपट्टा आहे, सातपुड्यातलं कुपोषण आहे, सर्पदंश आहे, कुष्ठरोग आहे. हे तुम्ही रोज पाहता आणि युरोपातल्या विद्यार्थ्याने ते फक्त पुस्तकात वाचलेलं असतं. आता तर 1 जुलै 2023पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, 2047पर्यंतचं उद्दिष्ट आहे. त्यातल्या तपासणी शिबिरात तुम्ही दोन दिवस काम केलं असेल तर तेही लिहा. फक्त रुग्णाचं नाव, गाव, फोटो काहीही बाहेर जाऊ देऊ नका. मीही वर वय आणि तपशील बदलूनच लिहिलं आहे.

शिफारसपत्र तुम्हाला खरंच ओळखणाऱ्या शिक्षकाकडून घ्या. मोठ्या पदाच्या माणसाने सही केलेल्या चार कोरड्या ओळींपेक्षा, तुम्ही रात्री दोन वाजता रुग्णाची सलाइन बघायला आला होतात असं लिहिणाऱ्या लेक्चररचं पत्र जास्त चालतं. एमबीबीएस इंग्रजीतून शिकल्याचं कॉलेजचं पत्रही घेऊन ठेवा. भाषेचा पुरावा म्हणून ते पुष्कळ ठिकाणी चालतं.

सातबारा आणि व्हिसा

निवड झाल्यावर तिकडून स्वीकृतीचं पत्र येतं, 'कार्ड ऑफ ॲक्सेप्टन्स'. त्यात हॉस्पिटल, विभाग आणि तारखा असतात. ते आल्याशिवाय परत न मिळणारं विमान तिकीट काढू नका. माझं मेच्या मध्यावर आलं आणि मग व्हिसाची धावपळ सुरू झाली.

पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं हाच मोठा अडथळा असतो, म्हणून पंधरा दिवसांवर विसंबू नका. निदान 30 हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. माझ्या वेळी फी 60 युरो होती, 2024च्या जूनपासून ती 90 झाली. शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना फी माफ करण्याची तरतूद शेंगेनच्या नियमांत आहे. तुमचं पत्र त्यात बसतं का, हे अर्जाच्या वेळी विचारा, संकोच करू नका. पहिल्यांदा बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे मुंबईची एक फेरी धराच.

आता शेतकऱ्याच्या मुलांची खरी अडचण. व्हिसाच्या यादीत वडिलांचं आयकर विवरणपत्र मागितलेलं असतं. नानांनी आयुष्यात ते भरलं नव्हतं, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. एका एजंटाने मला सांगितलं, "ताई, खोटं विवरणपत्र बनवून देतो." नानांनी त्याला तिथेच नाही म्हटलं. मग आम्ही जे खरं होतं तेच जोडलं. सातबारा आणि आठ-अचा उतारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तीन वर्षांच्या कापसाच्या विक्रीच्या पट्ट्या. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. आणि नानांचं एक पानी पत्र: मी शेतकरी आहे, उत्पन्न शेतीचं आहे, शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र भरत नाही, मुलीचा खर्च मी करणार आहे. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं नोटरी करून सोबत लावली.

पैसे खात्यावर कधी ठेवता यालाही महत्त्व आहे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाने टाकलेले दोन लाख स्टेटमेंटवर लगेच दिसतात आणि शंका येते. आमच्या कापसाचे पैसे डिसेंबरात आले, ते नानांनी काढलेच नाहीत. त्या वर्षी घराच्या पत्र्यांचं काम पुढे ढकललं. मला ते नंतर मायने सांगितलं.

कॉलेजच्या पत्रावर कार्यालयाचा फोन आणि ईमेल हवा, आणि तो फोन कोणीतरी उचलणारा हवा. दूतावासातून खात्री करायला फोन येऊ शकतो. कार्यालयातल्या क्लार्कभाऊंना आधीच सांगून ठेवा की असा फोन येईल.

'हँड्स-ऑन इंटर्नशिप' म्हणून लाखभर मागणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. हॉस्पिटलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो कार्यक्रम दिसत नसेल, पत्र हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवरून येत नसेल, तर पैसे देऊ नका.

तिकडे

बॅग भरताना माय तुपाचा डबा देईलच. तो घरी ठेवा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सुती कपडे, दोन पांढरे ॲप्रन, वॉर्डात घालायचे वेगळे बूट, स्वतःचा स्टेथोस्कोप. शाकाहारी असाल तर जाण्याआधीच कळवा. मला बटाटा आणि पनीर भरलेले पिएरोगी रोज मिळाले, कारण मी महिनाभर आधी लिहिलं होतं.

पहिल्या सकाळी मी वॉर्डात गेले आणि एक वयस्क बाई पलंगावर पोट धरून बसली होती. डॉक्टरांनी तिच्याशेजारी बसून विचारलं, "ग्जे बोली?" मला वाटलं ती कोणती बोली बोलते असं विचारतायत. पोलिशमध्ये 'बोली' म्हणजे दुखतं. कुठे दुखतं, असा तो प्रश्न होता. मला एकदम आमचा वॉर्ड आठवला. शहरातून आलेला इंटर्न अहिराणी बोलणाऱ्या आजीला शुद्ध मराठीत वेदनेचं स्वरूप विचारायचा आणि ती गप्प राहायची. कोणी जवळ बसून "काय दुखस माय?" म्हटलं की बोलती व्हायची. जाण्याआधी त्या भाषेतली पन्नास वाक्यं पाठ करा: नमस्कार, कुठे दुखतं, कधीपासून, मी तपासू का, धन्यवाद. डॉक्टर तुमच्याशी इंग्रजी बोलतील. रुग्ण बोलणार नाहीत.

तिथे तुम्ही विद्यार्थी आहात, तुमच्याकडे डॉक्टरकीचा परवाना नाही. सांगितल्याशिवाय काही करू नका. आपल्याकडे तिसऱ्या वर्षाला आपण सुया टोचतो, रक्त घेतो, टाके घालतो. तिकडे महिनाभर तुम्हाला कदाचित फक्त पोट तपासायला मिळेल. नाराज होऊ नका. मी जे पाहिलं ते टोचण्यापेक्षा मोलाचं होतं. ड्युटी बदलताना दोन डॉक्टर प्रत्येक रुग्णासमोर थांबून, लिहिलेला कागद बघून, काम सोपवायचे. घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधं, धोक्याची लक्षणं आणि परत कधी यायचं हे एका पानावर लिहून द्यायचे आणि वाचून दाखवायचे. माझ्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर ते पान होतं. आज आमच्या केंद्रात सिकलसेलच्या रुग्णाला आम्ही असंच एक पान देतो, चित्रांसकट, आणि आशाताई ते पावरीत समजावून सांगते.

लॉगबुकवर सही रोजच्या रोज घ्या. शेवटच्या दिवशी डॉक्टर रजेवर असतात. एखादी केस सादर करायची संधी मागा. मी सिकलसेलवर वीस मिनिटं बोलले. वॉर्डातल्या कोणीच असा रुग्ण पाहिलेला नव्हता. प्रश्नोत्तरं तासभर चालली.

परतफेड

सावडीत दुसऱ्याच्या वावरात जाऊन आलेली बाई आपल्या वावरात चहा-पाण्याची सोय करून ठेवते. तुम्ही परत आलात की तुमच्या कॉलेजात येणाऱ्या मुलाची जबाबदारी तुमची आहे. आपल्याकडे बरेच जण इथेच मागे सरतात. "धुळ्याला कोण येईल?" असं म्हणतात. येतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी पोर्तुगालची एक मुलगी आली होती.

एप्रिल-मेमध्ये कोणाला बोलवू नका, पारा 45च्या आसपास असतो. डिसेंबर-जानेवारी ठरवा. वसतिगृहात खोली, गरम पाणी, प्यायला उकळलेलं पाणी, आणि वॉर्डात तिला भाषांतर करून सांगणारा एक विद्यार्थी, एवढं पक्कं करा. परदेशी नागरिक राहायला आला की वसतिगृहाला त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, चोवीस तासांच्या आत. ते वॉर्डनला आधी सांगा. वॉर्डात तिने फोटो काढायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. पाड्यावर नेणार असाल तर आधी सरपंचांना आणि आशाताईंना विचारा, आणि पाहुणी कोण, कशासाठी येते आहे हे गावाला सांगा.

ती मुलगी आमच्या घरीही आली होती. मायने चुलीवर वांगी भाजून भरीत केलं आणि कळण्याची भाकरी थापली. तिने भाकरी थापायचा प्रयत्न केला, तीनदा तुटली, चौथी जमली. निघताना ती मायच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "काय दुखस?" कोणी शिकवलं होतं ते मला माहीत नव्हतं. मायने तिला समोर बसवलं आणि संधिवाताचं सगळं सुरुवातीपासून सांगायला लागली.